न वापरलेली धार

इल्पो रौतिओला. गोलकीपर, नंबर दोन.
कायानीच्या रिंकमागं माझी खोली होती,
एक दगडी चाक, एक दिवा,
खिळ्यांवर टांगलेल्या स्केटच्या जोड्या
आणि ओल्या कातड्याचा तो वास
जो, नवऱ्याच्या मते,
मी ख्रिसमसच्या जेवणालाही सोबत घेऊन यायचे.

अकरा हंगाम मी त्याच्या पात्यांना धार लावली.
सामन्याच्या सकाळी यायचा,
झोपलेलं मूल ठेवावं तशी जोडी टेबलावर ठेवायचा,
म्हणायचा, "लेम्पी, जरा बघ."
काय बघणार? मागच्या खेपेची धार जशीच्या तशी.
तरी चाक फिरायचं, ठिणग्या उडायच्या,
तो बाजूला उभा राहून हात शेकल्यासारखे पुढं करायचा.

लोक विचारायचे, बाकड्यावर बसायचा पगार मिळतो?
मिळतो. त्यात घरभाडं निघतं,
जुनी साब गाडी खोकत खोकत चालते,
मुलीच्या व्हायोलिनची अर्धी फी.
काम म्हणजे दार.
बाकड्याचं ते बुटकं दार,
पाऊण मिनिटात दमून येणाऱ्यांसाठी उघडायचं,
ताजे उडी टाकून गेले की लावायचं.
सरावाला मात्र जाळ्यात सगळ्यांआधी तोच, सगळ्यांनंतर तोच.
पोरं मारायची, हा अंगावर घ्यायचा,
मांड्यांवर डाग, लिंगनबेरी चिरडल्यासारखे.
सामन्यात कोरडाच.

एकदा तुर्कूहून फोन आला होता, मोठ्या क्लबचा.
त्या आठवड्यात तो जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता.
मग त्यांना कुणीतरी स्वस्तातला मिळाला,
आणि जिन्याच्या पायऱ्या पुन्हा एक-एक झाल्या.
मी काही बोलले नाही. बोलून काय धार लागते?

फेब्रुवारीत, वासाला,
आर्विड्सचा गुडघा गेला. दुसरा पिरियड संपायला तीन मिनिटं.
मी तिथं नव्हते. बस सहा तासांवर होती,
आणि आमच्या रेडिओवर त्या रात्री अंत्ययात्रेसारखं ऑर्गन वाजत होतं.
सकाळी तो आला.
जोडी ठेवली. काही म्हणाला नाही.

मी दिव्याखाली धरली, नख फिरवलं.
आणि नख अडकलं.
टोकाशी खरवड: खांबाला आपटलाय, डाव्या.
इथं कडा लोळलीय: आडवा घसरत गेलाय, जीव खाऊन.
इथं, इथं, आणि हे बघ, टाचेजवळ,
कुणाचं तरी पातं पात्यावर चढलंय.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
बर्फानं त्याच्या पोलादावर काही लिहिलं होतं
आणि मला ते वाचता येत होतं.

"हरलो," तो म्हणाला, "एकानं."
"माहीत आहे," मी म्हणाले. माहीत नव्हतं.
"धार लावू?"
तो बराच वेळ चाकाकडं बघत राहिला.
"आज नको."

उन्हाळ्यात करार वाढला नाही.
मॅनेजरनं सांगितलं पार्किंगमध्ये, गाडीतून न उतरता.
आता तो शाळेची टॅक्सी चालवतो,
बारा किलोमीटरवरच्या तीन पोरांसाठी
पहाटे काच खरवडतो, जुन्या पुठ्ठ्यानं.
दार उघडतो, लावतो.
(हे मी म्हणते. तो असलं बोलणाऱ्यातला नाही.)

जोडी माझ्याकडं आहे.
एकदा कॅलिपर लावून बघितलं:
नव्या पात्याच्या मानानं सात मिलिमीटर कमी.
बर्फानं झिजवलं असेल त्यातलं, फार तर, केसभर.
उरलेलं सगळं माझ्या दगडानं खाल्लं,
दर सामन्याला थोडं थोडं, ठिणग्या करून,
आणि तो समोर उभा राहून
त्यावर हात शेकत होता.

त्या वासाच्या खुणा मी घासल्या नाहीत.
परवा एक पोरगा आला, जेमतेम चौदाचा,
म्हणाला, ही कुणाची?
मी म्हटलं, हात लावू नकोस, कापेल.